तो माइक पुसायचा नव्हता

सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन हाणामारीपटांची टर उडवणारी, मोठ्यांसाठीची एक ॲनिमेशन मालिका आमच्या मुंबईच्या स्टुडिओत कॉम्पोझिटिंगला, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर एकत्र बसवायला, आली होती. डिजिटल चित्र मुळात स्वच्छ असतं, ते आम्ही मळवायचं. ग्रेन, म्हणजे फिल्मचा बारीक दाणेदारपणा, घालायचा, ओरखडे पाडायचे, प्रोजेक्टरच्या गेटमध्ये फिल्म डगमगते तशी फ्रेम किंचित हलवायची. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटमधला सायन (निळसर-हिरवा रंग) आधी उडतो आणि प्रिंट गुलाबी पडत जाते, म्हणून तो गुलाबीपणा दर रिळाला वेगळा ठेवायचा. रीळ बदलायच्या खुणासुद्धा घातल्या होत्या: वर उजव्या कोपऱ्यात चार फ्रेमपुरता गोल ठिपका, पहिला रीळ संपायच्या सुमारे आठ सेकंद आधी आणि दुसरा साधारण एक सेकंद आधी. माझ्या टीमचं काम इतकं चोख होतं की एखाद्या जुन्या प्रोजेक्शनिस्टने ते पाहिलं असतं, तर त्याचा हात आपोआप पुढचं रीळ लावलेल्या दुसऱ्या मशीनकडे गेला असता.

या एपिसोडचा जीव एका बूम माइकमध्ये, म्हणजे लांब दांड्याने नटांच्या डोक्यावर धरतात त्या माइकमध्ये, होता. हिरो खलनायकाला दम देतोय, वरून माइक फ्रेममध्ये उतरतो, हिरोच्या फुगीर ॲफ्रो केसांवर त्याची सावली पडते. हिरो थांबतो, वर बघतो आणि उरलेला डायलॉग पूर्ण करतो.

फ्रेममध्ये डोकावणारा माइक ही त्या स्वस्तातल्या चित्रपटांची ओळखच होऊन बसली आहे. 1975 च्या ‘डोलेमाइट’ला लोक त्यासाठीच हसतात. थिएटरमध्ये फ्रेमची वरची पट्टी झाकली जायची, व्हिडिओवर ती उघडी पडली आणि माइक दिसू लागला. म्हणजे दोष बराचसा व्हिडिओ आवृत्ती काढणाऱ्यांचा, पण नाव मात्र चित्रपटाचं खराब झालं! 2009 च्या ‘ब्लॅक डायनामाइट’ने तसाच माइक मुद्दाम फ्रेममध्ये आणला. ॲनिमेशनमध्ये मात्र माइक चुकून येऊच शकत नाही. कुणीतरी तो काढतं, रंगवतं, त्याची सावली केसांवर वेगळ्या लेयरला बसवतं.

डिलिव्हरीच्या आदल्या रात्री बाहेरच्या क्यूसीचा, म्हणजे दर्जा तपासणाऱ्यांचा, रिपोर्ट आला. धूळ, ओरखडे, फ्रेममध्ये शूटिंगचं सामान, सगळं ‘एरर’ म्हणून. आमच्या प्रॉडक्शनने तो न वाचताच नाइट शिफ्टला पुढे ढकलला. क्यूसीवाल्याने निदान शॉट तरी बघितला होता, यांनी तेवढंही केलं नाही.

सकाळी शॉट लावला. हिरो थांबतो, रिकाम्या छताकडे बघतो, पुढे बोलतो. विनोद साफ मेला होता.

आणि माइक पुसल्याचा क्लीनअप काय अप्रतिम होता! कॅमेरा पॅन होतोय, मागचा वॉलपेपर सरकतोय, तरी माइकच्या जागची नक्षी कुठे तुटलेली नाही. केसांवरची सावली फ्रेम-फ्रेम करून उचललेली, ग्रेन तंतोतंत जुळवलेला. ते काम करणारा पोरगा घरी जायच्या तयारीत होता. त्याला विचारलं, “अरे, हिरो वर का बघतो, हे खटकलं नाही तुला?”

“खटकलं ना, मॅम. पण एरर लिहिलं होतं. आणि आम्हाला आवाज कुठे येतो?”

खरंच येत नाही. फुटेज फुटेल या भीतीने क्लीनअपला शॉट सुटा आणि मुका जातो. ॲनिमॅटिक (एपिसोडचा आवाजासकटचा कच्चा आराखडा) नाही, मागचापुढचा शॉट नाही. विनोदी मालिकेचं काम करणाऱ्या माणसाला विनोदच ऐकू द्यायचा नाही, ही पद्धत मला अजिबात पटत नाही.

सर्व्हरवरून जुनं व्हर्जन परत घेतलं. हेतुपुरस्सर ठेवलेल्या प्रत्येक दोषाची टाइमकोडसकट यादी रिपोर्टला जोडली आणि संध्याकाळी डिलिव्हरी गेली. क्लायंटने ती मान्यही केली. त्या पोराला लेखी समज द्या, असं प्रॉडक्शनकडून आलं, त्याला मी साफ नकार दिला. वर त्याने केलेला शॉट त्याच्या शोरीलसाठी, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओसाठी, मिळावा म्हणून परवानगी मागितली आहे. अजून उत्तर नाही.

पुढच्या एपिसोडचे शॉट्स आलेत. क्लीनअपला तेही मुकेच गेले आहेत.