आमची वाटचाल : झाकणवाले

ट्रक-पिकअपच्या इंजिनाला हवा पोचवणारे इनटेक किट, म्हणजे फिल्टर आणि त्याचा पाइप, हा आमचा धंदा. पण थंड हवा आम्ही विकत नाही. कडाक्याच्या हिवाळ्यात ती बाहेर फुकट पडलेली असते. उणे 20 अंशांची हवा अधिक 20 अंशांच्या हवेपेक्षा साधारण 16 टक्के दाट असते, म्हणजे कंपनीतून आला तसा ट्रकसुद्धा हिवाळ्यात जास्त ऑक्सिजन ओढतच असतो. तरी भर थंडीत लोक ‘कोल्ड एअर’ छापलेला किट मागायला येतात. आम्ही त्यांच्यापुढे ठेवतो बंद डबा. आत कोरडा फिल्टर, वर झाकण, झाकणाला रबरी सील. दिसायला काहीच नाही. बॉनेट उघडून मित्रांना दाखवावं असं त्यात खरंच काही नाही.

सुरुवात मी आणि माझ्या भागीदाराने केली. पत्र्याचं काम त्याचं, गिऱ्हाइकं माझी. भांडवलात सांगण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या. एक, पाइपच्या तोंडाला गोल कड उठवायचं हातमशीन. ही कड नसेल तर होज, म्हणजे जोडाची रबरी नळी, कितीही आवळा, टर्बोच्या (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या) ओढीने आणि इंजिनच्या हादऱ्यांनी तो सरकतोच. कड न काढलेला पाइप चकचकीत पॉलिश करून विकणारे आजही आहेत, असो. दुसरी म्हणजे यू आकाराची काचेची नळी. तिचं एक टोक फिल्टरनंतरच्या पाइपला जोडायचं, इंजिन भाराखाली चालवायचं आणि पाणी किती इंच चढतं ते बघायचं; फिल्टर जितका तुंबलेला, तितकं पाणी वर. बऱ्याच टर्बो डिझेल इंजिनांना 25 इंच ही फिल्टर बदलायची हद्द धरतात. आमच्याकडे थंडीत नळीतलं पाणी गोठायचं, म्हणून त्यात कूलंट मिसळलं. ते पाण्यापेक्षा जड, म्हणून भागीदाराने त्या हिशेबाने पट्टी नव्याने हाताने आखली. ती पट्टी अजून भिंतीवर आहे. डिजिटल गेज घेतलं आहे, पण शंका आली की मी नळीच काढतो.

मग समोर ‘तो’ आला, आमचा प्रतिस्पर्धी. नाव घेत नाही, धंद्यातल्यांना कळेल. उघडा शंकूसारखा फिल्टर, तेल लावलेला कापसाचा, मागे पत्र्याचा एक आडोसा आणि आरशासारखा ॲल्युमिनियमचा पाइप. उबदार हॉलमध्ये बॉनेट उघडं टाकायचं, पुढे मोठा पंखा लावायचा, ट्रक डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या मशीनवर, चढवायचा आणि वाढलेली हॉर्सपॉवर कागदावर छापून द्यायची. आकडा खोटा नसेलही. पण रस्त्यावर बॉनेट बंद असतं आणि पुढचा ट्रक भुसभुशीत बर्फ उडवत असतो, ते त्या कागदावर कुठे येणार? आम्हाला तो ‘झाकणवाले’ म्हणायचा. गिऱ्हाइकं हसायची. आमचा अर्ध्याहून जास्त माल उचलणारा घाऊक व्यापारी एका हंगामात तिकडे वळला, आणि वळताना आमची बाकीही घेऊन गेला. नव्या साच्याचं कर्ज डोक्यावर होतं. पत्रा वाकवायचं मशीन विकलं, दोन कामगारांना घरी बसवावं लागलं. भागीदार तेव्हाच बाहेर पडला. त्याचा राग नाही, त्याला घर होतं. राग आहे तो, ज्याने माल उचलून पैसे दिले नाहीत त्याचा.

त्या काळात टिकलं ते एकच मोठं गिऱ्हाईक. ओंडक्यांची वाहतूक करणारे हे गृहस्थ स्वतःच ट्रक चालवायचे. त्यांनी एक जुना ट्रक घेतला, त्यावर समोरच्याचा किट बसवलेला. एका बर्फाळ पहाटे काळा धूर सोडत, रेंगाळत तो आमच्या दारात आला. बॉनेट उघडलं तर फिल्टरच्या घड्या दिसतच नव्हत्या. बंपरच्या कोपऱ्यामागे बसवलेल्या शंकूवर बर्फाचा भुगा थापला गेला होता. गाडी थांबली की इंजिनच्या उष्णतेने तो थोडा वितळायचा, निघाली की पुन्हा गोठायचा. थरावर थर बसून वर कवच झालं होतं. मी पान्याने टकटक केलं, तर काचेसारखा आवाज आला. नळी जोडली तर पाणी पट्टीच्या बाहेर गेलं. ते बघत उभे होते. म्हणाले, “मालक, हे काढा. आणि दुसऱ्या ट्रकलाही तुमचा डबाच बसवा. पैसे आत्ता घ्या.” तेव्हा ‘आत्ता’ या शब्दाची किंमत आम्हालाच ठाऊक.

पेट्रोल पिकअपवाले मग येऊ लागले, ते डॅशबोर्डवर इंजिनच्या बिघाडाचा दिवा लागतो म्हणून. फिल्टरला धुऊन हौसेने जास्त तेल चोपडलेलं. ते तेल उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या गरम तारेवर बसतं, सेन्सर हवा कमी दाखवतो, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. समोर त्यांना नवा सेन्सर विकला जात होता. आम्ही सेन्सरसाठीचाच स्प्रे मारायचो, तारेला बोट लावायचो नाही, आणि कोरडा फिल्टर टाकायचो. बहुतेकांचं काम तेवढ्यात व्हायचं.

पुढची वर्षं बरी गेली.

आमच्या डब्याला एक झडप आहे. उडत्या बर्फात ती फिरवली की बाहेरचं तोंड बंद होतं आणि इंजिनच्या बाजूची कोरडी, कोमट हवा आत येते. शोध आमचा नाही. कार्ब्युरेटरच्या जमान्यातल्या गाड्यांत एक्झॉस्टजवळची गरम हवा घेणारी झडप असायचीच. पण या धंद्यात, या भागात ती आधी आम्ही बसवली. आता समोरचाही झडप विकतो, वर स्वतःचं नाव कोरून. गेल्या मेळाव्यात त्याबद्दल त्याचा सत्कार झाला. आम्हीही हजर होतो, टाळ्या वाजवल्या. शंकूवर झाकण बसवायला त्याला इतकी वर्षं लागली, एवढंच मनात म्हटलं.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. किट कुणाचाही घ्या, आयएसओ 5011 या हवेच्या फिल्टरसाठीच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिल्टरने किती धूळ अडवली तो आकडा मागा. हवा घेणारं तोंड बंपरखाली असेल तर नको म्हणा, चिखल-बर्फाचं पाणी ओढलं की इंजिन जागच्या जागी अडकतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लास्टिकचा पाइप थंडीत आकसतो, उबेत आवळलेला क्लॅम्प बाहेर सैल पडतो. स्प्रिंगचा, स्वतःहून ताण धरणारा क्लॅम्प वापरा, आणि गाडी रात्रभर बाहेर ठेवून सकाळी पुन्हा बघा. फिल्टरनंतर गळती असेल तर फिल्टर कितीही भारी असो, धूळ थेट आत. आणि क्रँककेसच्या ब्रीदरचा होज, म्हणजे इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढणारी नळी, इनटेक पाइपला जिथे जुळतो ती जागा नीट बघा. त्या वाफेत पाणी असतं, थंड पाइपात ते तिथेच गोठतं. खडा सुटला तर टर्बोच्या पंख्यावर, आणि तोंड बंद झालं तर आतला दाब वाढून सीलमधून तेल बाहेर. कंपनीने तिथे हीटर किंवा वेष्टण दिलं असेल आणि नव्या किटमध्ये त्याला जागाच नसेल, तर तो किट दुकानातच राहू द्या. आमचा असला तरी.

त्या घाऊक व्यापाऱ्याचा मागच्या हंगामात फोन आला होता. बंद डबे हवेत म्हणे, मागणी वाढली आहे. आधी जुनी बाकी, मग माल, असं कळवलं आहे.