पाऊणशे वयमान

सांगली, ५ नोव्हेंबर

सकाळी नटराजपूजन झालं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी आमच्याच गावात ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्यामुळे रंगभूमी दिन इथे सणासारखा. नारळ, पेढे, भाषणं. संध्याकाळी शाळेच्या हॉलवर नेहमीची तालीम, ‘संगीत शारदा’ची. मी पायपेटीवर.

कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघालेला पंचाहत्तरीचा भुजंगनाथ करणारे काका आज पहिल्यांदा मुंडावळ्या बांधून उभे राहिले. घामाने त्या गालाला चिकटलेल्या, एक हात कमरेवर. शेजारी शारदा, अकरावीतली मुलगी, क्लासची सॅक विंगेत टाकून आलेली. महिनाभर आम्ही भुजंगनाथाला मनसोक्त हसत होतो. आज दोघांना असं शेजारी पाहिलं आणि हसू घशातच राहिलं. माझा पाय भात्यावर थांबला. सर ओरडले, “पेटी!”

घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे.

‘शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. १८९१ मध्ये सरकारने मुलींचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधासाठीचं किमान वय, दहावरून बारावर नेलं, तेवढ्यावरूनही केवढा गदारोळ झाला! आगरकरांनी लेख लिहून लिहून हाडांची काडं केली. देवलांनी १८९९ मध्ये वेगळंच केलं. त्यांनी म्हाताऱ्या नवरदेवाला रंगमंचावर आणून लोकांना हसवलं. लेख माणूस एकटा वाचतो, पटला नाही तर घडी घालून ठेवून देतो. नाटकात शेजारचा हसतो, मागची बाई डोळ्यांना पदर लावते, आणि आपल्याला जे वाटतंय ते सगळ्यांनाच वाटतंय हे तिथल्या तिथे कळतं. एकदा असं चारचौघांत हसल्यावर गावात खराच एखादा भुजंगनाथ बोहल्यावर चढला, तर गंभीर चेहऱ्याने अक्षता टाकायच्या कशा? ‘पाऊणशे वयमान’ हे शब्द नाटक न पाहिलेल्यांच्याही तोंडी बसले. मला नाटकाची खरी ताकद इथे दिसते.

१९२९ चा बालविवाहविरोधी कायदा अजमेरच्या हरबिलास सारडांच्या नावाने ओळखला जातो. आमची आजी मात्र त्याला ‘शारदा कायदा’च म्हणायची. तिच्या लेखी तो ह्या शारदेसाठीच झाला होता. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.

तालमीनंतर चहा घेताना कुणीतरी म्हणालं, आता हा विषय जुना झाला. मला ते अजिबात पटलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी पाचांत एकीहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. नवरा आता पंचाहत्तरचा नसतो, एवढाच फरक. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या ह्याच दिवसांत आमच्या भागात उतरतात. कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, उचल म्हणजे आगाऊ पैसे जोडीवर मिळतात, मागे पोरीला एकटीला ठेवायची भीती असते, म्हणून लग्नं उरकली जातात. शारदेच्या बापाला, कांचनभटालाही पैसाच दिसत होता.

नाट्यगृहातला प्रयोग ठरलेलाच आहे. पण एक प्रयोग साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या कोप्यांसमोर व्हायला हवा. पदं निम्मी करावी लागतील, कारण पहाटे तोडीला जाणारी माणसं रात्री किती वेळ बसणार? सरांशी उद्याच बोलतो. काकांना विचारलं, ते लगेच तयार झाले. पायपेटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढते का, ते मोजून बघायला हवं. नाहीच चढली तर हातपेटी घेऊन जाईन.