कार्डावर ६४ जीबी छापलंय म्हणून भरवसा ठेवू नका

मेहुण्यांचं तासगावजवळ बेदाण्याचं शेड आहे. तिथलं तापमान आणि आर्द्रता नोंदवायला रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक बसवायचा होता. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी कार्डावरच असते. हंगाम सुरू झालेला, त्यात अवकाळीची धास्ती, त्यामुळे घाई होती. सांगलीतल्याच एका दुकानातून ६४ जीबीचं मेमरी कार्ड आणलं.

लिनक्सवर कार्डात इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमची तयार प्रत, टाकण्यात अवघड काही नाही. इमेज डाउनलोड केली, फाइल अखंड आली का हे सांगणारा चेकसम जुळवला, ती कार्डावर लिहायला डीडी ही कमांड चालवली. पाय पहिल्या झटक्यात सुरूही झाला. पण अपडेट चालू असतानाच फाइल सिस्टीम रीड-ओन्ली झाली, म्हणजे कार्डावर काही लिहिता येईना, आणि रीस्टार्ट केल्यावर काहीच उठेना. पुन्हा इमेज टाकली, पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "लिनक्सनं कार्डं खराब होतात साहेब, विंडोजवर करून बघा." हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

इमेज परत टाकून, पाय सुरू करण्याआधीच ती कार्डावर नीट लिहिली गेली का, ते सीएमपी या फाइली ताडणाऱ्या कमांडनं पाहिलं. ताडण्याआधी कार्ड काढून परत घाला, नाहीतर कार्डाऐवजी रॅममधली प्रतच वाचली जाण्याची शक्यता असते. बाइट न् बाइट जुळला! इथंच मी सर्वात जास्त अडकलो. इमेज बरोबर, कार्डावरची प्रत बरोबर, मग बिघडतंय कुठं?

शेवटी कार्डाची खरी जागा तपासणारं एफ-थ्री नावाचं साधन लॅपटॉपवर टाकलं, उबुंटू लिनक्सवर एपीटी या कमांडनं मिळतं. त्यातल्या एफ-थ्री-प्रोबनं स्वच्छ सांगितलं: कार्ड बनावट, वापरता येण्याजोगी जागा ८ जीबीच्याही आत. अशा कार्डाचा कंट्रोलर, म्हणजे आतली नियंत्रक चिप, ६४ जीबी असल्याचं खोटंच सांगतो. खऱ्या जागेपलीकडे लिहिलेलं हरवतं, किंवा फिरून सुरुवातीच्या डेटावर जाऊन बसतं, आणि लिहिताना एररही येत नाही. माझी इमेज खऱ्या जागेत मावत होती, म्हणून ताडणी जुळली. पण पाय पहिल्यांदा सुरू होताना मुख्य पार्टिशन (कार्डाचा सिस्टीम असलेला भाग) कार्डभर वाढवतो, आणि तिथून पुढं सगळं कोसळतं. एलएसबीएलके या जोडलेल्या डिस्क आणि कार्डं दाखवणाऱ्या कमांडमध्ये ६४ ऐवजी ५९ च्या आसपास आकडा दिसला तर मात्र घाबरू नका. ती जीबी मोजण्याची पद्धत वेगळी आहे, फसवणूक नव्हे.

लॅपटॉप घेऊन दुकानात गेलो, काउंटरवरच चाचणी चालवून दाखवली. कार्ड बदलून मिळालं, आणि नवीन कार्डही तिथंच तपासून घेतलं. लिनक्सवरचा आळ उतरला याचं समाधान कार्डापेक्षा मोठं होतं.

डीडीबद्दल राहिलंच. कार्ड घालण्याआधी आणि घातल्यावर एलएसबीएलके चालवा, नवीन दिसेल तेच तुमचं कार्ड. आधी त्याची पार्टिशनं अनमाउंट करा, म्हणजे सिस्टीमपासून सोडवा. इमेज पूर्ण डिव्हाइसवर टाकायची, म्हणजे कार्डाचं नाव एसडीबी असेल तर एसडीबीवर, एसडीबी-१ या त्याच्या पार्टिशनवर नाही. नाव टाइप केल्यावर एंटर दाबण्याआधी थांबून वाचा, डीडी काही विचारत बसत नाही. इमेज एक्सझेड (दाबून लहान केलेली) फाइल असेल तर एक्सझेडकॅटनं उलगडून थेट डीडीला पाइप करा. आणि डीडीच्या कमांडमध्ये कॉन्व्ह=एफसिंक हा पर्याय लिहाच, कारण नुसता डीडी रॅममध्ये भरून "झालं" म्हणतो, कार्डावर लिहिणं मागं चालूच असतं.

कार्ड घेताना बिल मागून घ्या. एफ-थ्रीची चाचणी इमेज टाकण्याआधी, रिकाम्या कार्डावर करा.