आमची वाटचाल: टॅग उसवलेली झबली

नागपूरच्या गांधीबागेत आम्हाला अजून ‘झबलेवाले’ म्हणूनच ओळखतात. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी. सहा मशीनवर सुरू झालेलं काम अठरावर आलं. मधल्या वर्षांचं काय सांगायचं? माल गेला, पैसे आले, कधी उशिरा आले. सांगायचं आहे ते 2020 च्या हिवाळ्याचं.

ऑक्टोबर 2020 मध्ये ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्डने, म्हणजे सेंद्रिय कापडाचे नियम ठरवणाऱ्या आपल्या गॉट्सने, जाहीर केलं की भारतात सुमारे 20,000 टन कच्चा कापूस खोट्या कागदांवर सेंद्रिय म्हणून दाखवला गेला. 11 कंपन्यांवर बंदी आली. मग प्रत्येक मोठा खरेदीदार जुने कागद उकरू लागला. आमच्याकडे तेव्हा सेंद्रिय म्हणून घेतलेलं 640 किलो इंटरलॉक, म्हणजे दुहेरी विणीचं होजियरी कापड, पडलं होतं. निम्मं कापून, शिवून, ‘सेंद्रिय’चा टॅग लावून तयार. सुमारे 5,800 नग. कापडवाल्याने स्कोप सर्टिफिकेट दिलं होतं, ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटची नुसती प्रत धाडली होती. आम्ही त्यावरचा नंबर सर्टिफायरकडे, म्हणजे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेकडे, पाठवला. उत्तर आलं, असा नंबर आम्ही दिलेलाच नाही.

चूक आमचीही होतीच. स्कोप सर्टिफिकेट एवढंच सांगतं की तो कारखाना सेंद्रिय माल करायला पात्र आहे. समोरचं थान सेंद्रिय आहे, असं त्यात कुठेही नसतं. ते ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट सांगतं: कोणी, कोणाला, किती किलो, कोणता लॉट. त्यातलं वजन बिलाशी जुळायला हवं आणि नंबर थेट सर्टिफायरकडून खरा करून घ्यायला हवा. कागदावरचा क्यूआर कोड मोबाइलने स्कॅन करून समाधान मानू नका. त्या घोटाळ्यातले कोड सरकारी संकेतस्थळासारख्याच दिसणाऱ्या नकली पानावर नेत होते.

खरेदीदाराने ऑर्डर परत केली. टॅग काढणं भाग होतं. ते लेबल बाजूच्या शिवणीत ओव्हरलॉकखाली, म्हणजे कड गुंफणाऱ्या शिलाईखाली, अडकवलेलं. ओढून काढलं तर जाळीचा टाका सुटतो, कात्रीने कापलं तर उरलेलं टोक बाळाच्या बरगडीला टोचतं. म्हणून तीन सेंटिमीटर शिवण उसवायची, लेबल काढायचं, परत ओव्हरलॉक मारायचं. एका नगाला चार मिनिटं. सहा बाया, नऊ दिवस. त्यातली एक म्हणाली, “एवढं चांगलं कापड, काहून उसवाचं जी?”

आणि कापड खरंच चांगलं होतं! दुखणं तेच आहे. गोल कटरने 100 चौरस सेंटिमीटरचा तुकडा काढला तर वजन 1.82 ग्रॅम, म्हणजे 182 जीएसएम (चौरस मीटरला 182 ग्रॅम), सांगितल्याबरहुकूम. सेंद्रिय असो की साधा, कापसाचा तंतू सेल्युलोजच. हाताला फरक लागत नाही. ‘सेंद्रिय म्हणून मऊ’ असं काउंटरवर सांगणारा एक तर अडाणी आहे किंवा लबाड. मऊपणा येतो कोम्ब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेल्या, सुतातून, एन्झाइमने वरची लव काढणाऱ्या बायोपॉलिशमधून, नाहीतर सिलिकॉनच्या सॉफ्टनरमधून, आणि सॉफ्टनरचा मऊपणा धुण्यांत उतरत जातो.

फरक दोन ठिकाणी असतो. पहिला शेतात. बीटीला, म्हणजे बोंडअळीविरुद्धचं जनुक घातलेल्या कपाशीला, 2002 मध्ये परवानगी मिळाली आणि आज विदर्भात बिगर-बीटी सरकी शोधावी लागते. सेंद्रियात बीटी चालत नाही, रासायनिक खत-फवारणी चालत नाही, आणि कपाशीसारख्या हंगामी पिकाला पेरणीआधी दोन वर्षं जमीन रूपांतरात ठेवावी लागते. मग जिनिंग, म्हणजे सरकी काढून रुई वेगळी करणं. डबल रोलर जिनवर आधीचा लॉट झाडून काढला नाही तर साधी रुई मिसळलीच. 100 किलो कापसातून 34 किलोच्या आसपास रुई निघते. सेंद्रिय लॉटचा हिशेब यापेक्षा फार वर गेला की समजा, बाहेरून भर पडली. जनुकीय चाचणी करायची तर सरकीवर किंवा रुईवर. रंगवलेल्या तयार कापडात डीएनए हाती लागेलच असं नाही.

दुसरा फरक डायहाउसात, म्हणजे कापड धुऊन-रंगवून देणाऱ्या कारखान्यात. रुई सेंद्रिय आणि ब्लीच क्लोरीनचं, असा मालही बाजारात आहे. गॉट्समध्ये क्लोरीन चालत नाही, पेरॉक्साइड चालतं; सुरकुत्या न पडणारं फॉर्मल्डिहाइडचं फिनिशही चालत नाही. ओसीएसचा (ऑरगॅनिक कंटेंट स्टँडर्ड या दुसऱ्या मानकाचा) शिक्का मात्र फक्त कापूस किती ते सांगतो, रंगाबद्दल काही नाही. नुसतं ‘ऑरगॅनिक’ लिहायला गॉट्सला किमान 95 टक्के सेंद्रिय तंतू लागतात, ‘मेड विथ ऑरगॅनिक’ला 70. लेबलवर सर्टिफायरचं नाव आणि परवाना क्रमांक नसेल तर तो फक्त हिरवा पानाचा फोटो समजा. इतवारीत एक दुकान तसल्याच फोटोवर आमच्यापेक्षा निम्म्या भावात झबली विकतं. विको.

तो टॅग काढलेला माल साधा सुती म्हणून निघाला, तोट्यात. धंतोलीतल्या एका बालरोगतज्ज्ञ बाई आमच्या पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. त्यांनी 40 जोड घेतले. विचारलं एवढंच, “पीएच पाहिला का?” पाहिला होता. डिस्टिल्ड पाण्यात तुकडा भिजवून पट्टी लावली, सातच्या आत. साडेसातच्या वर गेला तर कापडावरच्या प्रक्रियेतला सोडा नीट धुतला गेला नाही, आणि त्याचा त्रास बाळाच्या मानेवर आधी दिसतो.

तेव्हापासून सर्टिफायरकडून नंबर खरा होईपर्यंत थान फोडत नाही. फोडलं की 24 तास मोकळं पसरून ठेवतो, मग 50 सेंटिमीटरचा चौकोन आखून तीन धुण्या. उभ्यात पाच टक्क्यांवर आटलं तर परत. बिनब्लीच म्हणून आलेल्यावर नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारतो. निळं चमकलं तर ब्राइटनर, म्हणजे कापड शुभ्र दाखवणारं रसायन, आहे. घरी धुतलेल्यावर मारू नका, साबणाचाच ब्राइटनर चमकतो.

त्या कापडवाल्याची क्रेडिट नोट अजून आलेली नाही.