आरोग्य केंद्रात सर्पदंशाचं इंजेक्शन यावं म्हणून: माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जावेला रात्री झोपेत मण्यार चावली. मण्यारीचा दंश बहुतेक वेळा दुखत नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, मग पापण्या जड होतात, आणि तोवर बराच वेळ गेलेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्र आम्हाला जवळ आहे. तिथे नेलं तर म्हणाले, इथे होणार नाही, ग्रामीण रुग्णालयात न्या. तिथून जिल्ह्याला पाठवलं. वाटेतच तिला श्वास घेता येईना. पुढे व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि ती वाचली.

घरचे म्हणाले, झालं गेलं विसरा. मला ते जमेना. आरोग्य केंद्र, डॉक्टर, नर्स, औषधांची खोली सगळं गावात असताना चावलेल्या माणसाला तासन् तास गाडीत का फिरवायचं?

बचत गटाच्या बैठकीला येणाऱ्या एका आरोग्य कार्यकर्तीने मला 1996 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल समजावून सांगितला. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य. 1992 मध्ये हकीम शेख नावाचा मजूर रेल्वेगाडीतून पडला, डोक्याला जबर मार लागला. मथुरापूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून थेट कलकत्त्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरवलं. कुठे सोय नाही, कुठे खाट नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात स्वतःच्या खर्चाने उपचार करावे लागले. न्यायालयाने सांगितलं, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. त्याला 25,000 रुपये भरपाई द्यायला लावली. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं म्हणजे, पैसा नाही या सबबीखाली राज्याला ही जबाबदारी झटकता येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पुरेशा सोयी असाव्यात, असंही त्यात आहे.

हे ऐकलं तेव्हा माझ्या मनातली भीड गेली. तोवर मी कुठल्याही सरकारी कार्यालयात 'साहेब, जरा बघा ना' असंच बोलत आले होते. कलम 47 सांगतं की लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य आहे. ते मार्गदर्शक तत्त्व असल्याने एकट्या त्याच्या आधारे कोर्टात दाद मागता येत नाही. कलम 21 हा मात्र मूलभूत हक्क, त्यासाठी दार ठोठावता येतं. एवढा फरक समजला की अर्ज कसा लिहायचा ते आपोआप कळतं.

आधी कोणाला लिहायचं ते समजून घेतलं. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, म्हणजे वर तालुका आरोग्य अधिकारी आणि त्यावर जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांच्या हाताखाली. आमच्या भागातले कितीतरी अर्ज केवळ चुकीच्या टेबलावर गेल्यामुळे पडून राहिलेले मी पाहिलेत.

मग माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि तोही 150 शब्दांच्या आत. मी विचारलं: केंद्रात सर्पदंशाच्या इंजेक्शनचा साठा किती आहे, आणि मागच्या वर्षभरात त्याची मागणी कधी कधी केली. 30 दिवसांची मुदत संपता संपता एका ओळीचं उत्तर आलं, 'अत्यावश्यक औषधसाठा उपलब्ध आहे.' अपील करता आलं असतं, 20 रुपयांत होतं. पण कार्यकर्तीताई म्हणाल्या, थेट नोंदवहीच बघा. 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघता येतात. शासन निर्णयाची प्रत सोबत नेली होती, तिचा उपयोग झाला.

औषधसाठ्याची नोंदवही माझ्यासमोर उघडली. जुनी लांबट वही, निळ्या शाईत आखलेले रकाने: मागील शिल्लक, आवक, जावक, शिल्लक. सर्पदंशाच्या पानावर महिनोन् महिने एकच आकडा, 4. आवक कोरी, जावक कोरी. मागणीपत्रांच्या फाइलमध्ये या औषधाचं एकही पत्र नव्हतं. म्हणजे 'साठा उपलब्ध आहे' हे उत्तर खोटं नव्हतं. पण विषबाधेची लक्षणं दिसल्यावर सुरुवातीलाच 8 ते 10 व्हायल, म्हणजे इंजेक्शनच्या कुप्या, द्याव्या लागतात, असं सरकारचीच उपचारपद्धती सांगते. 4 व्हायलमध्ये उपचार सुरू तरी कसा करायचा? त्या पानाची साक्षांकित प्रत मी पानाला 2 रुपये भरून घेतली.

त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलले. तरुण माणूस, थकलेला. म्हणाले, "ताई, या इंजेक्शनने काही जणांना जोरात रिअ‍ॅक्शन येते. रात्री मी एकटा. पेशंट हातात गेला तर?" मला त्यांचं म्हणणं पटलं. केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदं मंजूर होती आणि एक रिकामं. एकाच डॉक्टरने रात्रंदिवस केंद्र सांभाळायचं आणि जीवघेणा निर्णयही एकट्याने घ्यायचा. गावात लोक त्यांनाच शिव्या देत होते, आणि मला वाटतं तो त्यांच्यावर अन्याय होता. म्हणून पुढच्या पत्रात मी त्यांच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही.

ते पत्र जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. सोबत नोंदवहीचं पान, उपचारपद्धतीतला संबंधित भाग, निकालातला उतारा आणि ग्रामसभेचा ठराव. ठरावासाठी आशाताईंनी घरोघरी जाऊन बायकांना आणलं, नाहीतर आमच्याकडे ग्रामसभेला बायका कुठे येतात. मागण्या मोजक्या: पुरेशा व्हायल, रिअ‍ॅक्शन आवरायला अ‍ॅड्रेनलिन आणि ऑक्सिजन, डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण, रिक्त पद. केंद्र सरकारची सार्वजनिक आरोग्य मानकं हा कायदा नव्हे, तरी 'तुमच्याच मानकांनुसार' असं लिहिलं की अधिकारी पत्र बाजूला सारत नाहीत. पोचपावतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही.

सुरुवातीला शांतता. स्मरणपत्रं दिली. मग तालुका आरोग्य अधिकारी स्वतः केंद्रात आले, औषधांची खोली पाहिली, आणि काही आठवड्यांत व्हायल आल्या. डॉक्टर आणि दोन नर्स प्रशिक्षणाला जाऊन आल्या. त्यानंतर शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला घोणस चावली, तेव्हा पहिला डोस आमच्याच केंद्रात मिळाला आणि मगच त्याला 108 ने पुढे नेलं.

रिक्त पद मात्र रिक्तच आहे. उत्तर आलंय, 'पद भरण्याची कार्यवाही शासन स्तरावर सुरू आहे.' यावर मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, लेखी काय काय आहे? मी सगळी फाइल पुढे ठेवली. उच्च न्यायालयात जनहित याचिका करायची की आधी जिल्हा परिषदेला नोटीस द्यायची, हे त्या ठरवताहेत. माझं मत आधी नोटीस द्यावी असं आहे. याचिकेला वेळ लागेल, आणि पावसाळ्याआधी निदान एक कंत्राटी डॉक्टर तरी मला त्या केंद्रात हवा आहे.