आमची वाटचाल: हातरंध्यापासून वाईड बेल्ट सँडरपर्यंत

आमचा लाकूडकामाचा कारखाना गोव्यात, डिचोलीत. बाबांनी घरामागे पत्र्याच्या शेडीत सुरू केला तेव्हा ते, एक मेस्त म्हणजे सुतार आणि शाळेतून आल्यावर पॉलिशपेपर मारायला मी, एवढीच माणसं. दारं, खिडक्या, देव्हारे, चवथीचे चौरंग. खाणींमुळे ट्रकवाल्यांची नवी घरं होत होती, कामाला तोटा नव्हता. मग 2012 ला खाणी बंद झाल्या आणि आमच्या भागातली बांधकामं होती तिथेच थांबली, आम्ही जुन्या घरांची दारं दुरुस्त करून दिवस काढले. पण त्यातूनच जुन्या सागाचं काम चांगलं करतात असं नाव झालं आणि पणजी म्हापशाकडचे लोक यायला लागले.

काम वाढलं तसं हाताने घासणं परवडेना. कर्ज काढून सेकंडहँड वाईड बेल्ट सँडर घेतला, म्हणजे पॉलिशपेपरचा रुंद पट्टा (बेल्ट) फिरवून आत सोडलेली फळी घासणारं मशीन, 1000 मिलिमीटर रुंदीचं. विकणाऱ्याने चालू करून दाखवला आणि गेला. आम्हाला वाटलं बटण दाबलं की झालं. पहिला महिनाभर प्रत्येक दार एका बाजूला जाड, बाबा म्हणाले फसवलं आपल्याला, पण मशीन खराब नव्हतंच, खालचं टेबल आणि बेल्ट फिरवणारा वरचा ड्रम समांतर नव्हते एवढंच. आता दर सोमवारी आम्ही एकाच फळीच्या दोन सारख्या जाडीच्या पट्ट्या काढतो, एक अगदी डाव्या कडेने, एक अगदी उजव्या कडेने सोडतो आणि जाडी मोजायच्या व्हर्नियरने मोजतो. 0.1 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टेबलाचे स्क्रू जरासे फिरवायचे, परत पट्ट्या सोडायच्या, परत मोजायचं. अर्धा तास जातो पण मग आठवडाभर डोक्याला ताप नाही.

दुसरी आमची चूक म्हणजे एका पासमध्ये, म्हणजे फळी एकदाच सोडून, सगळं काढायचा हव्यास. 80 नंबरच्या बेल्टने (नंबर जितका कमी तितका बेल्ट खरबरीत) अर्धा मिलिमीटर ठीक आहे, 120 ला 0.2, 180 ला 0.1 बस. जास्त घेतलं की मोटरवरचा ताण दाखवणाऱ्या अँपिअर मीटरचा काटा चढतो, बेल्ट जळतो आणि लाकडावर तपकिरी पट्टे येतात. आणि 80 नंतर थेट 180 लावू नये, त्या 80 च्या रेघा तेव्हा दिसत नाहीत, पॉलिश मारल्यावर गिऱ्हाइकाच्या हॉलमध्ये उन्हात दिसतात. पावसाळ्यात तर बेल्टच दमट होऊन कडा वळतात, म्हणून ते आम्ही कोरड्या खोलीत जाड पाईपवर टांगून ठेवतो, आणि लावताना आतल्या बाजूचा फिरायच्या दिशेचा बाण बघूनच लावतो.

आता जे मला खरं सांगायचंय ते. एका चवथीच्या आधी घाई होती, पाटांच्या फळ्या चालल्या होत्या, आणि आमच्याकडे काम करणाऱ्या पोराने एक जाड फळी आणि तिच्या शेजारी एक पातळ फळी एकदम सोडली. जाड फळीमुळे फळी दाबून धरणारे रोलर वर उचलले गेले, पातळ फळीवर दाब राहिलाच नाही, आणि बेल्ट तर फळी आत जाते त्याच्या उलट्या दिशेने फिरत असतो, त्याने ती फळी पकडली आणि जशी आत गेली तशी बाहेर फेकली, ती सरळ त्याच्या पोटात. हॉस्पिटलात दोन रात्री काढल्या, पोर वाचलं. चूक त्याची नाही, माझी, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून फळी सोडणारा माणूस कडेला उभा राहतो, सरळ रेषेत कोणी नाही, मागे सुद्धा नाही. दोन जाडीची लाकडं एकत्र नाहीत. दाबाच्या दोन रोलरमधल्या अंतरापेक्षा आखूड तुकडा मशीनमध्ये जात नाही, तो हाताने घासायचा, कितीही घाई असली तरी. हातमोजे नाहीत, सैल बाह्या नाहीत. बेल्ट बदलताना मेन स्विच बंद आणि त्याला कुलूप, किल्ली बदलणाऱ्याच्या खिशात.

जुन्या सागात मोडलेले खिळे असतात, आत खिळा गेला तर बेल्ट फाटतोच पण ठिणगी पाईपातून धुळीच्या पिशवीत जाते आणि तासन्‌तास धुमसत राहते. आमची एक पिशवी संध्याकाळी अशीच पेटली, नशिबाने बाबा शेडीतच होते. आता प्रत्येक फळीवरून आधी मेटल डिटेक्टर फिरतो आणि घरी जाताना पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. धूळ ओढणारं मशीन चालू नसेल तर सँडर चालू करत नाही. लाकडाची धूळ 1995 लाच जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे, हे मला फार उशिरा कळलं, तोवर आमच्या मेस्तांनी सगळा जन्म मास्कशिवाय काढला होता.

तो पोर आता मशीन बघतो. नवीन माणूस आला की पहिले पंधरा दिवस त्याला फक्त पलीकडून फळ्या उचलायला लावतो, आणि सोमवारी व्हर्नियर स्वतःच्या हाताने धरतो.