वरून दिसलेली धावपट्टी

जानेवारीतल्या त्या पहाटे मी नाशिक जिल्ह्यातील एका धावपट्टीवर हवामान निरीक्षक म्हणून रात्रपाळीला होतो. निफाड-दिंडोरी पट्ट्यात पारा घसरला की मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून द्राक्षबागायतदार बागांत शेकोट्या पेटवतात आणि पहाटे ठिबकने पाणी सोडतात. वारा पडलेला असेल, तर ती ओल आणि तो धूर जमिनीलगतच रेंगाळतात. साडेसहाच्या सुमारास कोरड्या आणि ओल्या तापमापकांचे पारे जवळजवळ एका रेषेत आले होते, म्हणजे हवा बाष्पाने जवळजवळ भरली होती. ठरावीक अंतरांवरचे दिवे पाहून आम्ही दृश्यता ठरवतो. 1500 मीटरवरच्या पाण्याच्या टाकीचा दिवा दिसत होता, म्हणून मी तोच आकडा टॉवरला कळवला. दृश्यता 1000 मीटरखाली गेली तरच धुके नोंदवायचे असते.

थोड्याच वेळात पार्सले घेऊन येणाऱ्या, एका इंजिनाच्या छोट्या मालवाहू विमानाच्या वैमानिकाने धावपट्टी दिसत असल्याचे सांगितले, आणि ते खरेच होते. धुक्याचा उथळ थर वरून सरळ खाली पाहताना पातळच भासतो; उतरताना मात्र नजर त्याच थरातून तिरकी जाते आणि तिला कितीतरी अधिक धुके भेदावे लागते. शिवाय थरात शिरताच विमानाचे नाक वर उचलले गेल्याचा भास होतो आणि वैमानिकाचा हात नकळत ते खाली दाबतो. बागांच्या बाजूने पूर्वेकडच्या टोकावर तोवर धुके सरकले होते. टाकीचा दिवा मला अजून दिसत असतानाच तिकडून आदळल्याचा बसका आवाज आला आणि पाठोपाठ क्रॅश टेंडरचा, म्हणजे धावपट्टीवरच्या अग्निशमन गाडीचा, भोंगा वाजला.

पुढचे चाक मोडून विमान डावीकडे काळ्या मातीत रुतले होते. दोन्ही वैमानिक आपल्या पायांनी बाहेर आले. एकाच्या कपाळाला खोक पडली होती, एवढेच. उजाडल्यावर प्रोपेलरची पाती टोकांशी पुढे वळलेली दिसली, म्हणजे जमिनीला लागताना इंजिन जोर देत होते. ते पुन्हा वर जाऊ पाहत असावेत, असे मला वाटते. गावात मात्र दुपारपर्यंत वैमानिकाला डुलकी लागल्याचे ठरूनही गेले होते.

माझी नोंदवही त्याच दिवशी ताब्यात घेण्यात आली. अशा तपासाचा हेतू दोष ठरवणे नसून पुढचे अपघात टाळणे हा आहे, असे विमान अपघातांच्या तपासाचे 2017 चे नियम स्पष्ट सांगतात. तरीही जबाब देताना त्या थंडीत मला घाम फुटला होता. तपास अधिकाऱ्यांनी मला पहाटे पुन्हा खिडकीपाशी उभे केले, एकेक दिवा विचारून घेतला आणि हँगरमुळे पूर्वेचे टोक तेथून दिसतच नाही, याची नोंद केली. त्या टोकाला दृश्यता मोजणारे यंत्र बसवण्याची मागणी आम्ही वरिष्ठांकडे लेखी केली आहे. ते येईपर्यंत थंडीच्या दिवसांत विमान उतरण्यापूर्वी एक कर्मचारी जीपने तिकडे जातो आणि तेथून दिसणारे दिवे वायरलेसवर कळवतो.